पोच

माझ्या मुलाचं नाव अथर्व. चौथी संपेपर्यंत तो ते 'अर्थव' असं लिहायचा. वहीवर, चित्रकलेच्या कागदावर, मामाच्या लग्नातल्या आहेराच्या पाकिटावर, सगळीकडे अर्थव. मी रबर घ्यायचे, 'थ'वरचा रफार पुसून 'व'च्या डोक्यावर बसवायचे. पुढच्या वेळी तो परत 'थ'वर. खूप नंतर एका बाईंनी मला समजावलं की पोरगा कानाने ऐकलेलं इमानाने लिहीत होता. 'थ' म्हणून होतो न होतो तोच 'र्' ऐकू येतो, मग तो 'थ'पाशीच नको का? आपली लिपी तो उचलून पुढच्या अक्षरावर ठेवते. आपण लहानपणी ते घोकून टाकलेलं असतं, म्हणून आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

हे कळेपर्यंत मी त्याला मारलेलं होतं. लिहायला नको वाटतं, पण ते गाळलं तर बाकीचं सांगायचा मला हक्क राहत नाही. तिसरीत, फूटपट्टीने, दोनदा.

दुसरी अख्खी आणि तिसरीची निम्मी त्याची मोबाइलवर गेली. त्यामुळे "सगळीच मुलं मागे पडलीत हो" हे वाक्य आम्हाला बरेच दिवस पुरलं. शाळेलाही पुरलं. सासूबाईंकडे आणखी जुनं कारण होतं: "याचा बापही उशिराच वाचायला लागला." पण शेजारची पोरं शाळा उघडल्यावर चार-सहा महिन्यांत सावरली. हा 'घर'ला 'धर' वाचायचा, 'भात'ला 'मात'. फळ्यावरचं उतरवताना दर अक्षराला मान वर, मान खाली. निम्मं उतरेपर्यंत बाई फळा पुसायच्या. वही अपुरी म्हणून शेरा, आणि शेरा मिळाला म्हणून घरी बोलणी.

आकड्यांचंही तेच. पंचवीस म्हटलं की ५२. यात त्याचा तरी काय दोष म्हणा, आपण मराठीत आधी पाच बोलतो, मग वीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी परोपरीने समजावून सांगितलं, तरी विनोद थांबले नाहीत. आमच्या पतसंस्थेच्या ग्रुपवर मीही दोन-तीन पुढे ढकलले होते. दोन वर्षांनी माझाच मुलगा 'वीस पाच' म्हटल्यावर बिनचूक २५ लिहायला लागला, तेव्हा ते विनोद आठवले.

चौथीला इतिहासात शिवाजी महाराज. अफजलखानाचा वध हा पोरगा शामियान्याच्या दोऱ्यांसकट रंगवून सांगायचा. सासरे टीव्ही बंद करून ऐकायचे. पेपरात त्यावर दोन ओळी, त्याही लागत नाहीत अशा. मग सराव पाठाला आलेल्या एका डी.एड.च्या मुलीने चाचणीच्या वेळी सहज त्याच्या शेजारी बसून प्रश्न वाचून दाखवले आणि उत्तरं तोंडी घेतली. वीसपैकी सतरा. शाळा सुटल्यावर ती फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती. "काकू, मी अजून शिकतेय, माझं चुकत असेल. पण हा आळशी नाही हो. याला डिस्लेक्सिया असेल, म्हणजे डोक्यात सगळं असतं पण अक्षरं जुळत नाहीत. तपासून घ्या." एकवीस-बावीस वर्षांची पोर ती. दहा-दहा वर्षं शिकवणाऱ्यांना जे दिसलं नव्हतं ते तिला चार दिवसांत दिसलं.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून हेडबाईंकडे गेले. त्या वाईट माणूस नव्हत्या. चहा मागवला आणि म्हणाल्या, "अथर्वची आई, आपल्याकडे तसली मुलं नाहीत. जिल्ह्याला मतिमंदांची शाळा आहे, हवा असेल तर दाखला देते." दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा. मी शुद्धीवर यायला दोन दिवस गेले. घरी यांनी वेगळीच काळजी काढली. दिव्यांगाचा शिक्का एकदा बसला की पुसत नाही. उद्या पोलीस भरतीला उभा राहिला तर? मी म्हटलं, आधी त्याला भरतीची जाहिरात वाचता येऊ दे.

मी पतसंस्थेत अठरा वर्षं आवक-जावक सांभाळते. कुणी तोंडी काही सांगितलं की माझा विश्वास बसत नाही, हा माझा गुण म्हणा की खोड. हेडबाईंच्या खोलीतून मी एकही कागद न घेता उठले, हे रात्री लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला.

तपासणीचं सांगते, कारण यातच बहुतेक आई-बाप दमतात. दिव्यांग दाखल्यासाठी सरकारच्या 'स्वावलंबन' पोर्टलवर ऑनलाइन अर्ज केला. सिव्हिलला दिव्यांग बोर्ड आठवड्यातून एकदा बसायचं. पहिल्या फेरीत सांगितलं, आधी डोळे आणि कान तपासून या. बरोबरच होतं ते, पण फोनवर सांगितलं असतं तर एक दिवसाचा पगार वाचला असता. दुसऱ्या फेरीत कळलं की मानसशास्त्रज्ञाची जागा रिकामी आहे. मग शेजारच्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी. तिथे तेव्हा आधी बुद्ध्यांक मोजायचे. तो ८५ च्या वर असेल तरच पुढची, लिहिण्या-वाचण्याची चाचणी. अथर्वचा १०४ आला. बाहेर बाकावर बसून यांनी तो आकडा तीनदा विचारला. पोलीस भरतीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पुढच्या चाचणीला बोलावलं तेव्हा त्याच्यापुढे इंग्रजी उतारा ठेवला. मी दारातून बघत होते. उठून आत गेले. "मॅडम, हा मराठी शाळेत आहे. याला इंग्रजी वाचता येत नाही हे मला कुठल्या चाचणीशिवायही माहीत आहे." त्या चिडल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात या, मराठीत घेते. आणखी एक फेरी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीतूनच तपासता येईल अशी 'डाली' नावाची चाचणी बनवलेली आहे, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. तुम्ही जाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा की चाचणी कुठल्या भाषेत घेणार. मुलगा ज्या भाषेतून शिकतो त्या भाषेत तो अडतो की नाही, हे बघायचं असतं.

ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२३, एसटीच्या सहा फेऱ्या, आणि हातात दाखला आला: विशिष्ट अध्ययन अक्षमता. डिस्लेक्सिया यातच येतो. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासायचं. आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हा दाखला मिळत नाही, म्हणजे पहिली-दुसरीत लक्षात आलं तरी कागद नाही. पण कागद नसला तरी शिकवायला कुणाची बंदी नसते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. शाळेच्याही आलं नाही.

जूनमध्ये तो पाचवीत गेला. संस्था तीच, पण पाचवीपासून हायस्कूल. प्राथमिक शाळा आणि हायस्कूल यांच्यामध्ये एक चिंचेचं झाड आहे, तेवढंच अंतर. ते अंतर अथर्वच्या कागदांना पार करता आलं नव्हतं. हायस्कूलच्या हेडसरांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी दाखला उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "ताई, हे दहावीला लागतं. बोर्डाला. आत्ता पाचवीला याचं काय करायचं?"

ते अगदीच हवेतलं बोलत नव्हते. आपल्या राज्यात दहावीला या मुलांसाठी १९९६ पासून सवलती आहेत. जादा वेळ, लेखनिक, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित, हे सगळं शिक्षकांना ऐकून माहीत असतं. त्याचाच परिणाम असा की अध्ययन अक्षमता हा विषय सगळ्यांच्या मनात दहावीच्या हॉल तिकिटाला चिकटलेला आहे. तोवरची नऊ वर्षं पोराने काय करायचं, त्याचं उत्तर कुणी मागत नाही.

त्या उन्हाळ्यात मी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचून काढला होता. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांतली एक. मला दोनच कलमं लागली. कलम १६ म्हणतं की अशा मुलांची अडचण लवकरात लवकर ओळखून शिकवण्याचे योग्य उपाय करायचे, आणि हे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या सगळ्या शाळांना लागू. कलम १७ मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. दहावी हा शब्द दोन्हींत कुठेच नाही.

अर्जाचा पहिला खर्डा मी लिहिला त्यात 'नम्र विनंती' तीनदा आणि 'कृपा' दोनदा होती. वाचून मलाच कसंतरी झालं. थकीत कर्जदाराला मी असं पत्र लिहीत नाही. फाडला. दुसऱ्यात पाच मुद्दे लिहिले, प्रत्येकापुढे कुणी करायचं आणि कधीपासून. तासाला वीस मिनिटं जादा वेळ. प्रश्न वाचून दाखवणे. ऱ्हस्व-दीर्घाचे गुण न कापणे. फळ्यावरचं उतरवायची सक्ती नको, शेजारच्या मुलाच्या वहीची झेरॉक्स चालेल. पाचवा: आठवड्याला किमान तीन तास वाचायला शिकवणे. खाली दोन्ही कलमं, सोबत दाखल्याची प्रत, आणि 'पंधरा दिवसांत लेखी कळवावे'.

क्लार्कभाऊंनी अर्ज घेतला, पोच देईनात. "सरांना विचारून शिक्का मारतो, उद्या या." मी म्हटलं, भाऊ, हा सरांनी मंजूर केल्याचा शिक्का नाही, तुमच्या हातात आल्याचा आहे. मीही हेच काम करते. तरी नाही. मग तिथूनच पोस्टात गेले आणि तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, त्याच शाळेला पाठवला. चौथ्या दिवशी पोचपावती परत आली, त्यावर भाऊंचीच सही. आमच्या कचेरीत यावरून मला अजून चिडवतात.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले, अर्जाची प्रत आणि पोचपावतीची प्रत घेऊन. घाई होती, कारण त्याच वर्षापासून पाचवीला वार्षिक परीक्षा आली होती. नापास झाला तर फेरपरीक्षा, त्यातही गेला तर पाचवीतच ठेवायचा. आधी ढकलत वर नेणारी शाळा आता थांबवणार होती. दोन्हीत त्याला वाचायला कुणी शिकवणार नव्हतं.

ऑगस्टमध्ये बैठक लागली. हेडसर, वर्गशिक्षिका, तालुक्याच्या गटसाधन केंद्राचे समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना बाकीच्यांबरोबर शिकवण्याचं काम बघणारे, विषयतज्ज्ञ, आणि मी. हे आले नाहीत, पण गाडीवरून सोडून गेले आणि बाहेर थांबले.

वर्गशिक्षिका आधी बोलल्या. सत्तावन्न मुलं, त्यात मतदारयादीचं बीएलओचं काम, त्यात रोजची ऑनलाइन माहिती भरायची. "मी एकट्या अथर्वकडे कधी बघू? तुम्हीच सांगा." आवाज चढला होता, पण बाई रडवेल्या झाल्या होत्या. त्या क्षणी मला पटलं की मी यांच्याशी भांडतेय खरी, पण हे भांडण यांच्याशी नाही. पहिले चार मुद्दे दहा मिनिटांत मान्य झाले. कुणाचं काही जात नव्हतं त्यात. जादा वेळ द्यायला पैसे लागत नाहीत. पाचव्या मुद्द्यावर सगळे कागद चाळायला लागले.

हीच माझी खरी तक्रार आहे आणि ती अजून आहे. सवलत द्यायला सगळे तयार असतात, शिकवायला माणूस नसतो. प्रश्न वाचून दाखवला की मुलगा पास होतो आणि पास झाला की विषय मिटतो. पण बाजारात, बँकेत, एसटीच्या पाटीवर प्रश्न वाचून दाखवायला कोण येणार? मी बैठकीत हे बोलले तेव्हा विषयतज्ज्ञ सर म्हणाले, आमच्या फिरत्या विशेष शिक्षिका आहेत, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा की पंधरवड्यातून एकदा पोचतील. हेडसर म्हणाले, तीन तास काढायचे कुठून, वेळापत्रक भरलेलं आहे.

वेळापत्रक समोर भिंतीवरच होतं. मी बघत बसले होते. पाचवीला हिंदी सुरू होते. आठवड्यातले हिंदीचे तास. मराठीची अक्षरं न जुळणाऱ्या पोराला तिसरी भाषा, आणि कलम १७ मध्ये तिसऱ्या भाषेतून सूट. "सर, हिंदीच्या तासाला याला ग्रंथालयात बसवा." हेडसर म्हणाले, वर विचारावं लागेल. विषयतज्ज्ञ म्हणाले, विचारू की, मी टिपण देतो. ते टिपण महिन्याभराने आलं, पण आलं. ग्रंथालयात आमच्या शाळेला अर्धवेळ ग्रंथपाल आहेत. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाल्या, मला तरी दुपारी कोण असतं बोलायला.

रफाराचं कोडं उलगडलं ते या बाईंनी. विशेष शिक्षिका पंधरवड्याला येऊन काय घ्यायचं ते लिहून देत, आणि या ते रोज घेत. त्यांनी पहिले दोन महिने पुस्तक उघडलंच नाही. वाळूच्या ताटात बोटाने अक्षरं. 'घ' आणि 'ध' शेजारी, डोक्याची रेघ कुठे तुटते ते बोटाला कळेपर्यंत. वेलांट्या लाल, उकार निळे. जोडाक्षर आलं की टाळी देऊन फोडायचं: पुस्-तक, रस्-ता, अथर्-व. टाळीनंतर जे अक्षर येतं त्याच्या डोक्यावर रफार. नियम सांगितला नाही, टाळ्यांतून त्यालाच सापडू दिला. मी एकदा खिडकीतून बघितलं. पोरगा स्वतःच्या नावाला टाळ्या वाजवत होता.

सगळं सरळ झालं असं नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षेत गणिताला दुसऱ्याच वर्गाचे सर पर्यवेक्षक होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घंटा झाली आणि त्यांनी पेपर ओढून घेतला. अथर्वने घरी येऊन दप्तर टाकलं आणि जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मी ओरडले नाही, अर्ज दिला. परीक्षेच्या खोलीच्या यादीवरच त्याच्या नावापुढे 'जादा वेळ, प्रश्नवाचन' असं लिहायचं, म्हणजे खोलीत कुणीही आलं तरी दिसेल. या वेळी भाऊंनी न मागता शिक्का मारला.

एप्रिल २०२४ ला तो पाचवी पास झाला. वाचनाचा वेग अजून लहान मुलांचा आहे. वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की पोटात दुखतं. दुकानांच्या पाट्या मात्र वाचतो, गाडीवर मागे बसून, मोठ्याने, चुकतमाकत. 'सर्व प्रकारचे' मधला रफार त्याला दिसला त्या दिवशी यांनी गाडी थांबवली होती.

त्या जूनमध्ये सहावीला नव्या वर्गशिक्षिका आल्या. बदलून आलेल्या, त्यांना काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. चिंचेच्या झाडाचा धडा मला पाठ होता, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी फाइल घेऊन वर्गाच्या दाराशी. दाखला, बैठकीचं इतिवृत्त, टिपण, सगळ्याची एकेक झेरॉक्स. बाईंनी वरचा कागद बघितला आणि विचारलं, "हे कसलं आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हा मागून म्हणाला, "बाई, मला वाचायला वेळ लागतो. तोंडी विचारलं की येतं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या, "बस जागेवर." कागद त्यांनी टेबलाच्या खणात ठेवले.

मी माझ्याकडची प्रत पुढे केली आणि म्हटलं, बाई, यावर मिळाल्याची सही द्या.